हरिपाठाने दुखणं खरंच कमी होतं का?

प्रश्न : आईचं वय ७२. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. हरिपाठ चालू असेपर्यंत दुखत नाही म्हणते, आणि मग गोळी घ्यायला नकार देते. हा मनाचा खेळ आहे का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आईंचं म्हणणं खरं माना. जखमेकडून निघालेली कळ मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. त्या वाटेवर जणू एक दार असतं, असं रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. मन दुसरीकडे रमलं, भीती ओसरली, की मेंदू ते दार वरून लोटून घेतो. हाड तेवढंच मोडलेलं असतं, कळ मात्र कमी पोचते.

हरिपाठात श्वासही आहे. चरण म्हणताना तो सावकाश सुटतो. इटलीतल्या लुचिआनो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर पाहिलं, की जपमाळेची प्रार्थना असो वा मंत्र, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. श्वास संथ झाला, की दुखण्याच्या धास्तीने आवळून धरलेली मांडीही सैल पडते.

झोप लागत नसेल तर आईंना मनाने तुमच्या नाशिक रोडच्या मुक्तिधाम मंदिरात न्या. चपला काढल्या, पायाखाली गार संगमरवर, भिंतीवर गीतेचे अध्याय. एकेक पाऊल त्यांनाच सांगू द्या. दुखऱ्या जागी बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकताही येतं, टाके मात्र कोरडे राहू देत.

पण गोळी बंद करू नका, हे मी कळकळीने सांगते. ती सहनशक्तीची परीक्षा टाळायला नसते, वॉकर धरून उठायला असते. या वयात अंथरुणाला खिळणं फार महागात पडतं : न्यूमोनिया, रक्ताची गुठळी, पाठीला जखमा. व्यायामाआधी किती वेळ गोळी द्यायची ते डॉक्टरांना विचारा, आणि पाय हलवायला लागताच हरिपाठ सुरू करा. दोन्ही एकत्र चालतात.

कळ अचानक वाढली, पोटरी सुजून दुखू लागली, पाय बधिर झाला, ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर हरिपाठ अर्धा राहिला तरी चालेल. लगेच डॉक्टरांना फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट दवाखाना गाठा.