फुटलेली आकृती व सिद्ध झालेली गोष्ट



निन्टेंडो या जपानी कंपनीचे ‘स्विच २’ हे हाती धरून खेळावयाचे यंत्र ५ जून २०२५ रोजी विक्रीस आले. तत्पूर्वीच त्याच्या अंतर्भागाची व नियंत्रकांची चित्रे फुटून जगभर पसरली होती. चौसाळ्याच्या मुलासही ती मोबाईलवर सहज पाहता येत होती. त्या चित्रांवरून खरे किती कळले, हे पाहू.

नियंत्रक लोहचुंबकाने यंत्रास चिकटणार, ही वार्ता खरी ठरली. उजव्या नियंत्रकावर एक नवी कळ दिसली; परंतु ती खेळगड्यांच्या परस्पर संभाषणासाठी आहे, हे कंपनीने २ एप्रिल २०२५ रोजी सांगितले तेव्हाच निश्चित झाले.

तिसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. दिशा देणाऱ्या दांडीचे आतील भाग घर्षणाने झिजले, म्हणजे हात न लावताही खेळातील पात्र सरकू लागते. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधिलेल्या तत्त्वावरील दांडीत चुंबक हलला की विद्युद्दाब बदलतो. तेथे स्पर्श नसल्याने ही झीज टळते. नव्या यंत्रात अशीच दांडी असणार, अशी वदंता होती. कंपनीने पुढे ती नाकारली.

तात्पर्य, चित्रात आकार दिसतो. प्रयोजन व टिकाऊपणा दिसत नाही. यास्तव पालकांनी कष्टाचा पैसा वदंतेवर विसंबून खर्चू नये. मुलांनो, प्रयोगवहीत जसे निरीक्षण, अनुमान व सिद्ध निष्कर्ष वेगळे लिहिता, तसेच कानी आलेल्या प्रत्येक वार्तेचेही करा.