सडपातळ अंग, जड रक्त

जयगड, आसपासच्या वाड्या आणि खाडीपलीकडचं तवसाळ इथल्या माणसांचं रक्त तपासणीसाठी घेणं हे माझं काम. नमुने रत्नागिरीला जातात, रिपोर्ट येतात आणि लोक आधी मलाच विचारतात. औषधाचं डॉक्टर बघतील. तपासणीबद्दल मला कळलं ते इथे सांगते.

१. दोन दिवस भात सोडून फक्त दोन दिवसांची साखर सुधारते.
पेज, भात, तांदळाची भाकरी बंद करून लोक येतात. उपाशीपोटीची शुगर बरी आली की निर्धास्त होतात. एचबीएवनसी ही तपासणी अशी फसत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला साखर चिकटली, की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यात दिसतो. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मधल्या आकड्यांच्या माणसांसाठी माझा जीव तुटतो. त्यांना काही होत नसतं, म्हणून ती परत येत नाहीत. आणि सावरायची खरी वेळ तीच असते.

२. बायकांनी हिमोग्लोबिनही तपासावं.
लोह कमी असेल तर एचबीएवनसी खरी आहे त्यापेक्षा जास्त येऊ शकते. रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर मरत असतील तर कमी. अंगात रक्त कमी असलेल्या वहिनी आल्या, की उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही करून घ्या, असं मी आवर्जून सांगते.

३. वजनकाट्यावर विसंबू नका.
जाळी ओढणारा माणूस, हातपाय काटकुळे, फक्त बेंबीशी थोडं पोट. "मला कसला कोलेस्टेरॉल?" असं तो म्हणतो. उपाशीपोटी घेतलेलं त्याचं रक्त मशीनमध्ये फिरवलं, की वर पिवळसर, नितळ सीरम यायला हवं. कधी कधी ते दुधाळ येतं. ती ट्रायग्लिसराइडची चरबी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हे मी खूप जणांना सांगते, कारण आपल्याकडची गोष्ट यात पुरती येते: चरबी दंडावर दिसत नाही, ती पोटात आणि यकृतात साठते. म्हणून टेप कमरेला लावा. पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर काटा काहीही म्हणो, तपासणी करा.

अशा माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कधी कधी बेताचं येतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तेव्हा एपोबी हे प्रथिन उपयोगी पडतं. वाईट कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रत्येक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून एपोबी मोजलं की कण मोजले जातात. होड्या किती ते कळतं, नुसता माल किती ते नाही. आपल्याकडे बारीक, घट्ट कण पुष्कळांत आढळतात. माल थोडा पण होड्या फार, आणि धमनीच्या भिंतीत शिरतात त्या होड्याच. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल किंवा मधुमेह असेल, तर एपोबी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

४. तापात सीआरपीवरून हृदयाचा अंदाज बांधू नका.
पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. ती सूज वाढवणारे निरोप धाडते आणि यकृत सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन बनवतं. पण लावणीच्या दिवसांत पायाला चिघळलेली जखम असली, सर्दी-ताप असला, तरी हा आकडा चढतो. बरं वाटल्यावर दोनेक आठवडे जाऊ द्या.

५. लायपोप्रोटीन-ए बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं.
कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या या कणाचं प्रमाण आईबापांकडून येतं. पथ्याने, चालण्याने फारसं हलत नाही. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर मुलांनी आणि भावंडांनीही तपासून घ्यावं. ते जास्त निघालं, तर साखर, रक्तदाब, एलडीएल आणि तंबाखू यांवर डॉक्टर अधिक कडक होतात. बोटीवरच्या भावांना मी जून-जुलैच्या मासेमारी बंदीतच गाठते. ऑगस्ट लागला, की ते पुन्हा समुद्रात.