फळ्यावरच्या वीस फुल्या

स्मरणिकेसाठी लेख मागितला की जुन्या आठवणी लिहाव्यात, असा प्रघात आहे. आम्ही मात्र येथे गणिताचा एक पाठ लिहीत आहोत. आमचा विषय इतिहास. गणिताचे सहकारी रजेवर असताना सहावीचा वर्ग काही दिवस आमच्याकडे आला होता, आणि त्यातील एका तासाने विद्यार्थ्यांइतकेच आम्हांलाही शिकवले.

पाठ होता अपूर्णांकांत मिळालेली माहिती संख्यारेषेवर मांडण्याचा. पद्धत सोपी आहे. एक रेषा आखावी, तिच्यावर समान अंतरावर खुणा कराव्यात आणि प्रत्येक नोंदीसाठी योग्य त्या खुणेवर एक फुली मारावी. तीच नोंद पुन्हा आली, तर आधीच्या फुलीला लागून दुसरी मारावी. एक फुली म्हणजे एक नोंद. कमी नाही, जास्त नाही.

अपूर्णांक म्हटले की मुले बिचकतात. वास्तविक आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र शब्द आहेत. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीतरी जणांना त्या शाळांचे दार बंद होते. तरीही हे शब्द त्यांच्या तोंडी होते, कारण धान्य मोजताना आणि भाकरी वाटताना तेच लागत. म्हणून आम्ही भाकरीच मोजायला घेतली.

वसतिगृहात रात्रीच्या पंगतीत वीस मुले बसली होती. कोणी किती भाकरी खाल्ली, याची नोंद दोन विद्यार्थ्यांनी वहीत केली. माप चतकोराचे, म्हणजे पाव भाकरीचे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडे घेतले. नावे घेतली नाहीत. कोणाच्या ताटातील घास चारचौघांत मोजला जाऊ नये, हा नियम आम्ही आधीच सांगितला होता.

पहिली अडचण लगेच आली. एका विद्यार्थ्याने दीड भाकरी १ १/२ अशी लिहिली, दुसऱ्याने १ २/४ अशी, आणि दोघे रेषेवर दोन वेगळ्या जागा शोधू लागले. भाकरीचे दोन भाग करून एक घेतला काय, किंवा चार करून दोन घेतले काय, पोटात जाते तेवढेच. सममूल्य अपूर्णांकांची जागा एकच, हे तेथे पटले. सर्व नोंदींचा छेद ४ केला आणि आलेख तयार झाला. छपाईच्या सोयीसाठी येथे रेषा उभी मांडली आहे.

पाऊण (३/४) : × ×
एक (४/४) :
सव्वा (५/४) : ×
दीड (६/४) : × × ×
पावणेदोन (७/४) : × × × × ×
दोन (८/४) : × × × × × ×
सव्वादोन (९/४) : × ×
अडीच (१०/४) : ×

एका मुलीने आपल्या वहीतील आलेखातून ‘एक’ ही खूण वगळली होती. तेवढी भाकरी कोणीच खाल्ली नाही, मग खूण कशाला, असे तिचे म्हणणे. परंतु ती खूण गाळताच पाऊणवरच्या दोन फुल्या सव्वाला जाऊन चिकटल्या आणि ती दोन मुले इतरांपासून किती दूर आहेत, हे दिसेनासे झाले. रिकामी जागाही माहितीच असते. तिने खूण पुन्हा काढली.

आता वाचन. सर्वांत जास्त फुल्या दोनवर आहेत, म्हणून बहुलक दोन. सर्वांत कमी पाऊण आणि सर्वांत जास्त अडीच, यांतील फरक पावणेदोन. एकूण भाकरी काढण्यासाठी प्रत्येक खुणेला तिच्यावरील फुल्यांच्या संख्येने गुणले: ६ + ० + ५ + १८ + ३५ + ४८ + १८ + १० = १४० चतकोर, म्हणजे ३५ भाकरी. त्यांना २० ने भागले, तर सरासरी पावणेदोन.

स्वयंपाकघराला ही सरासरी पुरेशी आहे; पीठ किती मळायचे, ते तिच्यावरून ठरते. पण वर्गात प्रश्न निघाला, “सर, मग प्रत्येकाला पावणेदोन दिली की झाले ना?” अडीचची भूक असलेला त्यात अर्धपोटी राहील. आणि पाऊणवाल्यांचे काय? त्यांची भूकच तेवढी आहे, की आणखी काही आहे? याचे उत्तर आलेखात नव्हते. कोणाला विचारायचे, एवढे मात्र आलेखाने दाखवले होते.

अधीक्षकांनी दोघांना वेगवेगळे बसवून विचारले. एकाची दाढ दुखत होती आणि त्याने ती कोणाला सांगितली नव्हती. दुसरा त्याच वर्षी आलेला. पंगतीच्या टोकाला बसे. वाढपी पुढे गेला की पुन्हा मागता येते, हे त्याला ठाऊक नव्हते. घरी मागण्याची सवय नव्हती, कारण मागून मिळण्यासारखे तेथे फारसे नसे. त्या रात्रीपासून वाढपी टोकाकडून वाढू लागला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक नोंद करावीशी वाटते. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, १९२३-२४ मध्ये इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च झाला. १६ आण्यांच्या रुपयाचे हे १४/१६, म्हणजे ७/८. ही सरासरी. बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी त्याच भाषणात मांडले. दरडोई खर्चाच्या आकड्यात उरलेली ८२ मुले कोठेच दिसत नाहीत. ती दिसावीत, म्हणून मुलेच मोजावी लागतात.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच आहे. घरात मुलांबरोबर असा एक आलेख करून पाहावा. आठवडाभर रोज अभ्यासाला किती तास मिळाले, ते पाव तासाच्या मापाने मांडावे. सात दिवसांच्या सात फुल्या. सरासरी जरूर काढावी. त्यानंतर रेषेच्या डाव्या टोकाची फुली पाहावी आणि त्या दिवशी काय घडले होते, ते मुलाला जवळ बसवून विचारावे.