आधी छत्तीस व्होल्ट

चि. सई,


ताईचा फोन आला होता. तिला वस्तूंची नावं सांगता येत नव्हती, पण वर्णनावरून तीन गोष्टी कळल्या. आप्पांच्या रेडिओतला यूएल ८४ व्हॉल्व्ह तू बाहेर काढला आहेस, आणि १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर तो पेटत नाही म्हणून खट्टू झाली आहेस. शिवाय कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलं आहे की चार डायोडचा ब्रिज थेट सॉकेटला जोडला की व्हॉल्व्हला लागणारे ३०० व्होल्ट फुकटात मिळतात, ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही. पहिली गोष्ट ऐकून मला बरं वाटलं. तिसरी ऐकल्यापासून जिवाला घोर लागला आहे. सई, तो ब्रिज भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा नाही. का नाही, ते सविस्तर लिहितो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलेलं तू कधी ऐकलेलं नाहीस, आणि कारण विचारण्याचा तुझा हक्क मला मान्य आहे.

आधी तुझा व्हॉल्व्ह का पेटला नाही ते पाहू. त्याच्या नावातलं पहिलं अक्षर हीटरबद्दल बोलतं. ‘ई’ असेल तर ६.३ व्होल्ट, ‘डी’ असेल तर बॅटरीवरचा, साधारण १.४ व्होल्टचा. ‘पी’ आणि ‘यू’ मात्र व्होल्टेज सांगतच नाहीत, प्रवाह सांगतात: ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपिअर, ‘यू’ म्हणजे १००. यूएल ८४ च्या हीटरला १०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, आणि तेवढा वाहायला त्याच्यावर ४५ व्होल्ट यावे लागतात. १२ व्होल्टवर तो गप्प बसला, यात त्याचा दोष नाही. आप्पांच्या रेडिओत यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४ आणि यूवाय ८५ यांचे हीटर एका माळेत ओवलेले आहेत: १९, १९, १४, ४५ आणि ३८, मिळून १३५ व्होल्ट. २३० मधले उरलेले ९५ व्होल्ट एका जाड रेझिस्टन्सवर खर्ची पडतात, आणि तिथं साडेनऊ वॉट नुसती उष्णता होते. माळेतला एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच विझतात, म्हणून तो रेडिओ आता पूर्ण बंद असणार. घाबरू नकोस, काही बिघडलेलं नाही. व्हॉल्व्ह जागेवर बसव आणि रेडिओ तसाच कपाटात राहू दे. प्लग मात्र लावू नकोस. इतकी वर्षं पडून राहिलेले त्यातले कंडेन्सर आधी बदलावे लागतील.

त्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर नाही, आणि यातच माझ्या काळजीचं मूळ आहे. काही शहरांच्या जुन्या भागांत तेव्हा डीसी वीज होती आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे हे संच बनले. ते स्वस्तही पडत. त्यासाठी मोजलेली किंमत अशी की विजेची एक तार थेट चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चॅसी फेजवर. त्या रेडिओचं बटण निखळलं की आजी कुणाला त्याच्या दांडीला बोट लावू देत नसे, हे ताईनं तुला सांगितलं असेलच. लाकडी पेटी, पुठ्ठ्याची पाठ आणि बेकेलाइटची बटणं ही त्या संचातली सुरक्षा होती. तू जो ब्रिज जोडायला निघाली आहेस तो याच जातीचा, फक्त त्याला पेटी नाही, पाठ नाही, बटणं नाहीत. टेबलावर उघड्या तारा. त्यातही ब्रिजची गंमत अशी की त्याची ऋण बाजू न्यूट्रलवर स्थिर राहत नाही. दर आवर्तनाच्या अर्ध्या भागात ती जमिनीच्या तुलनेत उणे ३२५ व्होल्टपर्यंत खाली जाते. जिला तू ‘शून्य’ समजून हात लावशील, तीच तार तुला धरेल. ३२५ हा आकडाही लक्षात घे: २३० हे आरएमएस मूल्य आहे, शिखर त्याच्या १.४१४ पट असतं, आणि ब्रिजनंतरचा कंडेन्सर शिखरापर्यंत भरतो. हीटर तापेपर्यंत व्हॉल्व्ह काहीच प्रवाह घेत नाही, तेवढा वेळ पूर्ण ३२५ व्होल्ट तिथं उभे असतात. आणि ज्या छोट्या ट्रायोडपासून बहुतेक जण सुरुवात करतात, त्यांच्या प्लेटची कमाल मर्यादा असते ३०० व्होल्ट.

आता खरा मुद्दा. व्हॉल्व्हला दोन वेगळे पुरवठे लागतात. एक हीटरसाठी, कमी व्होल्टचा. तो कॅथोड तापवतो, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर पडायला तयार होतात. दुसरा प्लेटसाठी, ज्याला रेडिओवाले एचटी म्हणतात. तो त्या इलेक्ट्रॉनांना ओढून नेतो. एडिसनला १८८३ च्या सुमारास दिव्यातून प्लेटकडे जाणारा हा प्रवाह दिसला होता, फ्लेमिंगनं १९०४ मध्ये त्याचा डायोड केला, आणि १९०६ मध्ये डी फॉरेस्टनं मध्ये प्रवाहावर ताबा ठेवणारी ग्रिड घातली. जुने बॅटरीवरचे रेडिओ या दोन पुरवठ्यांसाठी वेगवेगळ्या बॅटऱ्या वापरत, हे ध्यानात ठेव. चूल पेटली म्हणजे स्वयंपाक झाला असं नव्हे, तसा नारिंगी उजेड दिसला म्हणजे व्हॉल्व्ह चालू झाला असंही नव्हे. या दोन पुरवठ्यांपैकी हीटरच्या बाबतीत सूट नाही. ठरलेल्या व्होल्टेजच्या साधारण दहा टक्के मागेपुढे, एवढीच मोकळीक. प्लेटच्या बाबतीत मात्र पुष्कळ सूट आहे, आणि तुला कुणी सांगितलं नाही ते हेच. ३०० व्होल्ट ही व्हॉल्व्हची गरज नसते. खोलीभर ऐकू जाईल असा आवाज स्पीकरमधून काढायला वॉट लागतात, त्या वॉटांची ती गरज असते. प्रवाह व्होल्टेजच्या दीड घातानं बदलतो: साध्या डायोडवरचं व्होल्टेज एक चतुर्थांश केलं तर प्रवाह एक अष्टमांश होतो. कमी होतो, पण थांबत नाही, आणि एक अष्टमांश प्रवाह मल्टिमीटरला सहज दिसतो.

म्हणून असं कर. लॅमिंग्टन रोडवर ईसीसी ८२ मिळतो, अमेरिकी नाव १२ एयू ७. त्याच्या हीटरला मधून फाटा आहे, त्यामुळे तो १२.६ वरही चालतो आणि ६.३ वरही. पिन ४ आणि ५ मध्ये तुझ्याच ॲडॅप्टरचे १२ व्होल्ट दे, ते दहा टक्क्यांच्या आत बसतात. १५० मिलिअँपिअर लागतील. ॲडॅप्टर चांगल्या कंपनीचा, बीआयएस नोंदणी असलेला घे. इथं पन्नास रुपये वाचवायचे नाहीत. प्लेटसाठी ९ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोड: ३६ व्होल्ट. धन टोक मिलिअँपिअरवर लावलेल्या मल्टिमीटरमधून प्लेटला, ऋण टोक कॅथोडला. ग्रिड कॅथोडला जोडलीस की मिनिटभरात काही मिलिअँपिअर दिसतील. मग ग्रिड आणि कॅथोड यांच्यामध्ये दीड व्होल्टचा साधा सेल घाल, ऋण टोक ग्रिडकडे, आणि काटा किती उतरतो बघ. दोन सेल घातलेस तर प्रवाह जवळजवळ थांबेल. या व्हॉल्व्हचा विवर्धनांक १७ च्या आसपास आहे, आणि ३६ भागिले १७ म्हणजे दोनाहून थोडं अधिक. तुझ्या टेबलावर दिसलेलं आणि कागदावरचं गणित तिथं एकमेकांना भेटेल. शतकभराचं रेडिओशास्त्र ज्या एका गोष्टीवर उभं राहिलं ती ही, ग्रिडवरच्या थोड्या व्होल्टनं प्लेटचा प्रवाह आवरणं, आणि ती पाहायला ३०० व्होल्ट लागले नाहीत.

तू म्हणशील, हा खेळ झाला, खरा व्हॉल्व्ह असा वापरत नाहीत. वापरत होते. १९५० च्या दशकात मोटारीतल्या रेडिओसाठी ईएफ ९८, ईसीएच ८३, ईसीसी ८६ असे व्हॉल्व्ह मुद्दाम बनवले गेले, ज्यांची प्लेट गाडीच्या बॅटरीवरच चालावी म्हणून. त्यांच्या अभियंत्यांना कुणी खेळ करणारे म्हटलं नाही. दुसरा आक्षेप मला जास्त भिववतो, तो म्हणजे घरात ईएलसीबी आहे, तो वाचवेल. ईएलसीबी बघतो ती जमिनीकडे निसटणारी वीज. तुझा एक हात धन टोकावर आणि दुसरा ऋण टोकावर असेल तर गेलेला सगळा प्रवाह परत येतो. त्याच्या दृष्टीनं तू म्हणजे आणखी एक दिवा. ब्रिजनं डीसी घटक मिसळला की साध्या प्रकारचा ईएलसीबी आंधळाही होऊ शकतो. आणि प्लग काढल्यावर कंडेन्सरमध्ये राहतं त्याबद्दल तर त्याला काहीच कळत नाही. ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट म्हणजे जवळजवळ अडीच ज्यूल, प्लग हातात धरून तू निर्धास्त असताना. तिसरा आक्षेप असा की जुने मेकॅनिक एक हात खिशात घालून चालू संच दुरुस्त करत. करत होते, आणि ती सवय चांगली आहे, तीही शीक. पण त्यांच्यापुढे गिऱ्हाईकाचा संच असे, तो ज्या व्होल्टेजवर होता त्यावर दुरुस्त करणं त्यांना भाग होतं. तुला भाग नाही. तुझ्यापुढे निवड आहे, आणि निवड असताना ब्रिज सॉकेटला जोडणं मला पटवून देता येईल असं एकही कारण सापडत नाही. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, कंडेन्सरवर २२० किलोओहमचा रेझिस्टन्स जो मिनिटभरात त्याला रिकामा करेल, हे सगळं पुढच्या वर्षी. तेव्हा मी शेजारी बसेन.

रागावून लिहिलं असेल तर ते भीतीपायी. खरं सांगायचं तर तू तो व्हॉल्व्ह उपसून काढलास याचा मला अभिमान वाटला. या विषयाची ओढ मलाही होती, पण मी ती पुस्तकांत ठेवली. सर्किटचे नकाशे वाचत राहिलो, सोल्डरिंग आयर्न हाती धरायला फार उशीर केला, आणि त्याची खंत अजून जात नाही. म्हणून तुला थांबवायचं माझ्या मनात येत नाही. ताईला सांगितलं आहे की टेबल तुझंच राहू दे, जळका वास आला तरी ओरडू नकोस. तिनं मान्य केलं, पण तिचा आवाज कापत होता, तेवढं समजून घे.

जुना व्हॉल्व्ह विकत घेताना काचेच्या आतला चांदीसारखा डाग बघ. तो पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली, परत ठेवून दे. ईसीसी ८२ तिकडे मिळाला नाही तर मी इथून पाठवतो, बॅटऱ्या आणि नऊ पिनांचा सॉकेटही पाठवतो, पैशांचं मनात आणू नकोस. जोडणीचं चित्र काढून आधी मला पाठव. रात्री कितीही वाजता पाठवलंस तरी बघेन. आणि जेवणाच्या वेळी टेबलावरून उठत जा, ताई म्हणते तू वाळली आहेस.

तुझा,
मामा