माझ्या आवडीच्या दोन तबकड्या

मुलांनो, तुम्हांला संगीत आवडते ना? मला १९६७ सालच्या दोन तबकड्या फार आवडतात.

पहिली 'कॉल ऑफ द व्हॅली'. तिच्यात शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस ही वाद्ये सांगतात. सकाळी अहिरभैरव, शेवटी पहाडी! संतूर शास्त्रीय संगीताला योग्य नाही, असे काही जाणकार म्हणत. शर्मांनी वाद्यात सुधारणा केल्या, रियाज केला आणि वाजवूनच उत्तर दिले.

दुसरी 'वेस्ट मीट्स ईस्ट'. तिच्यात रविशंकरांची सतार आणि येहुदी मेन्युहिन यांचे व्हायोलिन आहे. मेन्युहिन जगप्रसिद्ध होते. तरी भारतीय संगीत ते विद्यार्थी होऊन शिकले.

तुम्हीही शिकताना लाजू नका.

शब्दार्थ : तबकडी – ग्रामोफोनची रेकॉर्ड, मेंढपाळ – मेंढ्या चारणारा.

प्रश्न : शर्मांनी टीकेला कसे उत्तर दिले?