आकडा कोणी मोजला?

मराठी विकिपीडियावर लढायांचे लेख लिहायला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझी पहिली विनंती असते, की उजवीकडची माहितीचौकट सगळ्यात शेवटी भरा. सेनापती, सैन्यबळ, बळी, परिणती अशी रिकामी घरे दिसली की ती भरून टाकायला हात शिवशिवतात. वाचणारेही बहुधा तेवढेच वाचून जातात. शाळेच्या प्रकल्पवहीत, व्हॉट्सॲपवर, जयंतीच्या भाषणात जे जाते ते तिथूनच. खाली लेखात तुम्ही कितीही जपून लिहिलेले असो, चौकटीतला आकडा एकटाच बाहेर पडतो आणि परत येत नाही.

खडकीचेच घ्या. ५ नोव्हेंबर १८१७ ला ती लढाई झाली आणि बाराव्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. आम्हा शनिवार पेठेतल्या माणसांना ही हकिकत लहानपणापासून ऐकून पाठ असते, म्हणून लिहायला सोपी वाटते. पुस्तकांत आकडे तयार आहेत: इंग्रजांकडचे ठार आणि जखमी मिळून ८६, पेशव्यांकडचे ५००. दोन्ही आकडे चौकटीत शेजारी शेजारी बसतात आणि सारखेच खरे दिसतात. पण ८६ हा मोजलेला आकडा आहे. लढाईनंतर पलटणीची हजेरी घेतली की असा आकडा निघतो. ५०० हा शत्रूने लांबून बांधलेला अंदाज आहे. दोन्ही एकाच बाजूच्या कागदांतून आलेले आहेत. एवढे एक वाक्य आकड्यापाशी लिहिले, तर वाचणाऱ्याच्या हाती निम्मा इतिहास येतो. ते गाळले, तर आपण एल्फिन्स्टनच्या छावणीतला अंदाज विश्वकोशाच्या नावाने पक्का करून देतो.

पानिपताबद्दलही तेच. काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता, म्हणजे अब्दालीच्या गोटात, आणि त्याने फारसीत लिहिले ते लढाईनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. त्याचा वृत्तांत मोलाचा आहेच. फक्त त्याचा आकडा त्याच्या नावाने लिहा.

आता सावध करणारी गोष्ट सांगते. एका वेढ्याच्या लेखात कोणीतरी संदर्भाविना मृतांचा आकडा टाकला होता. मी तिथे ‘संदर्भ हवा’ हा साचा लावला. पुढे एका स्मरणिकेत तोच आकडा छापून आला, आणि एका उत्साही सदस्याने त्याच स्मरणिकेचा हवाला देऊन साचा काढून टाकला. स्मरणिकेच्या लेखकाने आकडा विकिपीडियावरूनच घेतला होता. आता लेख छापील पुराव्यानिशी उभा होता आणि पुरावा लेखावरच उभा होता. हे उघड करायला बरेच दिवस गेले, कारण छापलेले ते खरे हा आपल्याकडचा समज फार खोल आहे. यावर उपाय प्रत्येकाच्या हाताशी आहे. लेखाचा ‘इतिहास’ उघडा, तो आकडा पहिल्यांदा कोणत्या दिवशी आला ते पाहा आणि संदर्भाचे पुस्तक त्याआधीचे की नंतरचे ते ताडून घ्या. नंतरचे असेल तर ते पुस्तक स्वतः कशाचा आधार देते हे शोधा. आधार देतच नसेल, तर आकडा चर्चापानावर हलवा आणि कारण लिहा.

कोरेगावच्या लेखात हात घालताना तर हे पथ्य दुप्पट पाळायला हवे. पेशव्यांची एकूण फौज २८,००० आणि प्रत्यक्ष गावात लढलेले सुमारे २,०००, असे दोन आकडे मिळतात. एक गट पहिला ठेवतो, दुसरा गट तो पुसून दुसरा लिहितो आणि रात्रभर उलटापालट चालते. खरे तर दोन्ही आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत; जवळ फौज किती होती आणि अंगावर किती आले, हे दोन्ही लिहायला जागा आहे. तिथल्या स्तंभावर कंपनीकडून लढलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि ती वाचायला दर १ जानेवारीला लाखो माणसे येतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना इतिहासाच्या पुस्तकांनी जागा दिली नव्हती, त्यांच्यासाठी तो लेख काय आहे याची जाण ठेवूनच एकेक शब्द लिहावा. तिथे कोणी रागावून बोलले, तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्या.

तारखांचा घोळ यापेक्षा शांत असतो, म्हणून जास्त टिकतो. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग वापरले, पोर्तुगीज मात्र १५८२ पासूनच नव्यावर गेले होते. म्हणून वसईची शरणागती पोर्तुगीज कागदात १६ मे १७३९ आणि मुंबईकर इंग्रजांच्या हिशेबाने ५ मे. सतराव्या शतकात हा फरक १० दिवसांचा आहे. शिवराज्याभिषेकाची आपली ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. त्यात इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलायचे, त्यामुळे जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या लुटीच्या पत्रांवर १६६३ दिसते. मराठी पत्रात बहुधा चंद्र आणि सुहूर सन असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालते, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे, की पानिपताचे १७६१ येते. संगणकावर तारीख बदलून देणारी साधने यातले काही विचारत नाहीत. खरे जंत्री आणि मोडक जंत्री जवळ ठेवा, आणि एका लेखात एकच पद्धत वापरून ती कोणती ते सांगा.

मोडी शिकलेल्या तरुणांना आणखी एक सांगणे आहे. पुराभिलेखागारात बसून तुम्ही पेशवे दप्तरातले पत्र वाचलेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण ते वाचन थेट लेखात घालू नका. विश्वकोशात अप्रकाशित संशोधन चालत नाही, आणि हा नियम तुमच्या विद्वत्तेवर शंका घेत नाही. दुसऱ्याला पडताळता यावे एवढेच मागतो. पत्र आधी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी छापून आणा, मग त्याचा आधार द्या.

तोवर छापलेले तरी आपण कुठे संपवले आहे? सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत, गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेली पेशव्यांची रोजनिशी आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या घरच्यांना सरकारातून नेमणूक मिळायची, तिला बालपरवेशी म्हणत. आपल्या बाजूची माणसे आपल्याच कारकुनांनी नावानिशी लिहून ठेवलेली सापडतात ती अशा नोंदींत. त्या पानापानाने काढून, खंड आणि पृष्ठांकासह लेखांत आणायला माणसे हवी आहेत. मोडी येत नसली तरी चालेल, खंड बाळबोधीत छापलेले आहेत.