सायकलस्वाराची प्रमाणपरीक्षा

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० कि.मी.ची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. त्यानंतरच्या काळात नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर वाकड्या हँडलच्या रोड सायकली आम्हांस नित्याच्या झाल्या. त्यांतील काही स्वार चिकित्सालयाची पायरीही चढतात. तक्रारी ठराविक असतात : मन्यास्तंभ, कटिशूल, जानुशूल, बोटांचा बधिरपणा.

असाच एक तिशीतील रुग्ण करंगळी व अनामिका बधिर होते म्हणून आला. महायोगराज गुग्गुळ, मानेस अभ्यंग व स्वेदन दिले. उपशय मिळे, रविवारची फेरी झाली की लक्षणे पुन्हा उभी! दोन महिन्यांनी त्यास सायकलसह बोलाविले व ओट्याला टेकवून तीवर बसविले. कोपरे ताठ, खांदे कानांजवळ, सारा भार तळहातांवर. सवलतीत मिळाली म्हणून त्याने एक माप मोठी सायकल घेतली होती. निदानपरिवर्जन न करता मी औषध देत राहिलो, हा दोष माझाच.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रमाणपरीक्षा सांगितली आहे, ती ज्याच्या त्याच्या अंगुलीने. समान उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचे धड लांब असते. म्हणून केवळ उंची विचारून सायकल देणे अपुरे होय.

रुग्णास अनवाणी, भिंतीस पाठ लावून उभे करावे. मांड्यांमध्ये जाड पुस्तक आडवे धरून सीटप्रमाणे वर घट्ट दाबावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजावे. त्यास ०.८८३ ने गुणिले असता क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची स्थूलमानाने मिळते, ८० सें.मी.स सुमारे ७०.६ सें.मी. पडताळा सोपा आहे : पेडल सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखते. फार वर असेल तर मागे दुखते व कंबर दोन्हीकडे डुलते.

फ्रेमच्या मापासाठी तीच लांबी ०.६६ ने गुणतात; येथे सुमारे ५३ येते. मात्र हल्लीच्या उतरत्या दांडीच्या फ्रेममध्ये या आकड्यावर विसंबू नये. एका कंपनीचे ५४ दुसरीच्या ५४ सारखे नसते. हँडलपर्यंतची पोहोच अधिक महत्त्वाची. दोन मापांत संशय असल्यास, विशेषतः पाठ ताठर असेल तर, मी लहान माप सुचवितो. सीट वर घेता येते, हँडल जोडणारा स्टेम बदलता येतो. मोठी फ्रेम आखूड करता येत नाही.

बसल्यावर कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल, मनगट सरळ व सीट जवळजवळ समतल असावी. आमच्या रुग्णास स्टेम आखूड करून हँडल दोन बोटे वर घेतले. तीन आठवड्यांत बधिरपणा गेला. गुग्गुळ त्याआधीच थांबविला होता.

बोटांची शक्ती कमी होत असेल, अथवा गुह्यप्रदेशी बधिरपणा वा मूत्रविकार असेल, तर सायकल दुरुस्त करीत बसू नये. सायकल तात्काळ बंद करून तज्ज्ञांकडे पाठवावे.